ज्युरीने कायदाच बाजूला ठेवला तर?

मुद्देसूद
मंडळी, एक शंका आहे. अमेरिका-इंग्लंडात फौजदारी खटल्यांत ज्युरी बसते हे माहीत होतं, पण 'ज्युरी नलिफिकेशन' हे प्रकरण नुकतंच कळलं. म्हणजे असं, की गुन्हा कायद्यात बसतो, पुरावा पक्का आहे, कधीकधी आरोपी स्वतःच "हो, केलं" म्हणतोय. तरी ज्युरीतल्या बारा जणांना वाटतं की हा कायदाच चुकीचा आहे, किंवा या माणसाला याखाली शिक्षा होणं बरं नाही. मग ते 'निर्दोष' सांगून घरी जातात. न्यायाधीशांनी निमूट ऐकून घ्यायचं आणि सरकारला अपीलही नाही!

माझे दोन प्रश्न. हा ज्युरीचा अधिकार आहे की कायद्यातली पळवाट? आणि पळवाट असेल तर इतक्या वर्षांत कुणी बुजवली का नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कायदा आवडत नसेल तर निवडणुका आहेत, विधिमंडळ आहे. बारा अनोळखी लोकांनी बंद खोलीत बसून तो त्या दिवसापुरता रद्द करावा हे मला पटत नाही.

टपरीवाला
रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येईपर्यंत कुणीतरी नानावटी काढेलच.

रानमेवा
नानावटी!
(घ्या टपरीवाले, चहा गाळायच्या आत.)

कोर्टकचेरी
मुद्देसूद, उत्तर जरा लांबेल.

'अधिकार' म्हणून असं कलम कुठे सापडणार नाही. ज्युरीच्या हातात ती ताकद येते ती वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या नियमांमुळे. फौजदारी खटल्यात ज्युरी 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढंच सांगते, कारणं देत नाही, आणि आतली चर्चा आतच राहते. न्यायाधीश ज्युरीला "याला दोषी ठरवा" असा हुकूम देऊ शकत नाहीत आणि निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षाही करू शकत नाहीत. शिवाय अमेरिकेत घटनेच्या पाचव्या दुरुस्तीमुळे एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. हे सगळं एकत्र आलं की ज्युरीने पुराव्याकडे पाठ फिरवली तरी कुणाला काही करता येत नाही.

आता पळवाट बुजवायची तर यातलं काय काढणार? पुन्हा खटल्याची बंदी काढली तर सरकार मनासारखा निकाल लागेपर्यंत माणसाला कोर्टात उभं करत राहील. ज्युरीला असलेलं संरक्षण काढलं तर काय होतं ते १६७० साली लंडनमध्ये दिसलं. विल्यम पेन आणि विल्यम मीड हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्या प्रार्थनाघराला सरकारने कुलूप ठोकलं, म्हणून ग्रेसचर्च स्ट्रीटवर उभं राहून पेन बोलला. आरोप बेकायदा जमाव आणि शांतताभंगाचा. ज्युरी निकाल घेऊन आली, "ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलल्याबद्दल दोषी." बस्स. जमावाचं नाव नाही, दंग्याचं नाव नाही! कोर्टाचा पारा चढला. ज्युरीला दोन रात्री उपाशी कोंडलं, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखूसुद्धा नाही. बाहेर आल्यावर त्यांनी सरळ 'निर्दोष' सांगितलं. मग प्रत्येकाला चाळीस मार्क दंड आणि भरेपर्यंत तुरुंग. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्युररने दंड भरायचं नाकारून दाद मागितली, आणि मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी ठरवलं की दिलेल्या निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. त्या ज्युरीच्या नावाची पाटी आजही ओल्ड बेली कोर्टात आहे.

डॉलरपंत
वरच्या प्रतिसादाला +१. हाच पेन पुढे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक. राजाने राज्याला नाव दिलं ते मात्र त्याच्या ॲडमिरल वडिलांच्या आठवणीसाठी, असो.

मी न्यू जर्सीत राहतो. नागरिक झालो तसं ज्युरीचं समन्स आलं. ज्युरी निवडताना न्यायाधीश सगळ्यांना विचारतात, "मी सांगेन तो कायदा तुम्हाला व्यक्तिशः पटला नाही, तरी त्यानुसारच निकाल द्याल ना?" माझ्या ओळीतल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "ड्रग जवळ बाळगल्याबद्दल मी कुणाला आत पाठवणार नाही, पुरावा कसाही असो." न्यायाधीशांनी मनापासून आभार मानले आणि आजींना घरी पाठवलं. म्हणजे व्यवस्थेला हे पक्कं ठाऊक आहे, ती फक्त दारातच गाळून घेते.

अर्धवटराव
म्हणजे ज्युरी ड्यूटी टाळायची असेल तर आजींचं वाक्य पाठ करायचं. धन्स पंत, अमेरिकेत घर घेतलं की उपयोगी पडेल. तूर्तास डोंबिवली.

डॉलरपंत
शपथेवर खोटं बोलावं लागेल राव. आजी खरं बोलत होत्या!

कोर्टकचेरी
पंतांचा मुद्दा नेमका आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८९५ साली स्पार्फ खटल्यात सांगून टाकलं की ज्युरीने न्यायाधीशांनी सांगितलेला कायदा पाळायचा, आणि "तुम्ही तो बाजूला ठेवू शकता" हे ज्युरीला सांगायला न्यायाधीश बांधील नाहीत. वकिलालाही भाषणात तसं उघड आवाहन करता येत नाही. १९९७ साली एका फेडरल अपील कोर्टाने तर म्हटलं की चर्चा चालू असताना एखादा ज्युरर मुद्दाम कायदा धुडकावतोय हे निःसंशय सिद्ध झालं तर त्याला काढता येईल. पण सिद्ध कसं करणार? तो "मला पुरावा पुरेसा वाटला नाही" म्हणाला की संपलं. ताकद आहे, पण तिचं नाव घ्यायचं नाही, अशी सगळी गंमत आहे.

आणि एकट्या ज्युररला फार काही साधता येत नाही. निर्दोष सुटका व्हायला अमेरिकेत सहसा बाराच्या बारा लागतात. एकजण अडून बसला तर ज्युरी अडते, खटला निष्फळ ठरतो आणि सरकार पुन्हा चालवू शकतं. इंग्लंडात १९६७ पासून दहा विरुद्ध दोन चालतं.

गवतीचहा
मला यातलं सगळ्यात आवडलेलं उदाहरण अठराव्या शतकातल्या इंग्लंडचं आहे. तेव्हा बारीकसारीक चोरीलाही फाशी होती. घरातून चाळीस शिलिंग किंवा जास्त किमतीचा माल चोरला तर फाशी. मग ज्युरीने काय करावं? मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायची! चांदीची भांडी असोत, रेशीम असो, आकडा एकोणचाळीस. दुकानातल्या चोरीची मर्यादा पाच शिलिंग होती, तिथे किंमत चार शिलिंग दहा पेन्स यायची. आरोपी दोषी ठरायचा, पण फाशीऐवजी काळ्या पाण्यावर किंवा फटक्यांवर निभावायचं. न्यायाधीश बघत असायचे आणि बहुतेक वेळा त्यांचीही ना नसायची. हे वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी पार्लमेंटला त्या शिक्षा कमी कराव्या लागल्या. मुद्देसूद, तुम्ही म्हणता ते विधिमंडळ जागं झालं ते असल्या एकोणचाळीस शिलिंगांमुळेही.

रानमेवा
एकोणचाळीस शिलिंग! बाटाचे भाव तिथूनच सुरू झाले वाटतं. हसून हसून पुरेवाट.

सांजवात
सगळे फार कौतुकाने लिहिताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. १९५५, मिसिसिपी. एमेट टिल, चौदा वर्षांचा काळा मुलगा. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असं म्हणून त्याला रात्री घरातून उचलून नेलं, मारलं आणि नदीत फेकलं. दोघांवर खटला. ज्युरीत बाराही गोरे पुरुष. निकालाला ६७ मिनिटं लागली, आणि एक ज्युरर म्हणाला की मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता. निर्दोष! काही महिन्यांतच त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन "आम्हीच मारलं" असं छापून आणलं. पुन्हा खटला? नाही. वर कोर्टकचेरींनी सांगितलेली तीच पाचवी दुरुस्ती.

हेही ज्युरीने कायदा बाजूला ठेवणंच आहे ना? पेनच्या वेळी ज्युरीचा विवेक आणि इथे मात्र पूर्वग्रह, असं आपल्या सोयीने नाव बदलता येत नाही.

मुद्देसूद
सांजवात, हेच म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

कोर्टकचेरी
सांजवात, मान्य. पण त्या ज्युरीत काळे का नव्हते ते बघा. ज्युरर मतदार यादीतून घ्यायचे आणि त्या काउंटीत काळ्यांना मतदार म्हणून नोंदणीच करू दिली नव्हती. दोष ज्युरीच्या ताकदीचा की यादीचा? उलट बाजूही त्याच देशातली आहे. १८५० साली पळालेल्या गुलामांना परत मालकाच्या ताब्यात द्यायचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये शॅड्रॅक मिंकिन्स नावाच्या माणसाला लोकांनी भर कोर्टातून सोडवून नेलं आणि तो कॅनडात पोचला. सोडवणाऱ्यांवर खटले झाले, पण ज्युरीकडून एकालाही शिक्षा मिळवता आली नाही.

सांजवात
ताकद आणि यादी वेगळी कशी करणार? यादी नेहमी कुणाच्या तरी हातात असणारच.

कोकणकडा
यादीवरून आठवलं. आपल्याकडचा सगळ्यात मोठा ज्युरीचा खटला नानावटीचा नाही हो, टिळकांचा. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्युरी, निकाल सहा विरुद्ध तीन. 'निर्दोष' म्हणणारे तिघेही भारतीय. १९०८ साली पुन्हा तेच, सात विरुद्ध दोन, सात युरोपीय दोषी म्हणणारे. लेख मराठीत आणि ज्युरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही! मग सहा वर्षं मंडाले. निकालानंतर टिळक काय बोलले ते मुंबई हायकोर्टाच्या ४६ नंबरच्या कोर्टरूमबाहेर संगमरवरावर कोरलंय: ज्युरीचा निकाल काहीही असो, मी निर्दोष आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती पाटी लावली.

अर्धवटराव
पण कोकणकडा, टिळकांना तर ज्युरीने दोषी ठरवलं. धाग्याचा विषय सोडून देण्याचा आहे. विषयांतराबद्दल आपणास सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवण्यात येत आहे.

कोकणकडा
विषयांतर कसलं? त्या दोन आणि तीन जणांनी काय केलं ते बघा की. सरकारचा कायदा, सरकारचा न्यायाधीश, न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती (राजद्रोहाच्या कलमातला शब्द). कायदा असा ताणल्यावरही तिघे 'निर्दोष' म्हणाले. इंग्लंडातल्यासारखं एकमत लागलं असतं तर त्या दिवशी टिळकांना शिक्षा झालीच नसती. आपल्याकडे इंग्रजांनी हायकोर्टातल्या ज्युरीला नऊपैकी सहा आणि वर न्यायाधीशाची संमती पुरेशी ठेवली. १८९७ चे सहा म्हणजे काठावर पास!

कोर्टकचेरी
कोकणकडा, हा मुद्दा झकास. आणि इथूनच नानावटीकडे जाता येतं, कारण इंग्रजांनी दुसरीही एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २७ एप्रिल १९५९, नौदलातला कमांडर कावस नानावटी 'म्हैसूर' जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतो, बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या घरी जातो, तीन गोळ्या. बचाव असा की झटापटीत चुकून सुटल्या. सरकारचं म्हणणं, आहुजा आंघोळ करून नुकताच आलेला, कमरेला टॉवेल, आणि मेला तेव्हाही टॉवेल जागच्या जागी. झटापट झाली असती तर राहिला असता का? सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' सांगितलं.

इंग्लंड-अमेरिकेत इथे गोष्ट संपली असती. पण १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ प्रमाणे सेशन्स न्यायाधीशांना ज्युरीचा निकाल पटला नाही आणि न्यायासाठी गरज वाटली तर ते प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत. न्यायाधीश मेहतांनी तेच केलं. हायकोर्टाने १९६० साली खून ठरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ साली ती कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली तो भाग वेगळा. म्हणजे मुद्देसूद, तुमच्या मनातली बुजवलेली पळवाट आपल्या देशात होती!

रानमेवा
ज्युरीत पारशी भरले होते म्हणून सुटला असं आमचे काका ठामपणे सांगतात.

कोर्टकचेरी
काकांना सांगा, नऊपैकी पारशी दोनच होते. आठ मतं कुठून येणार?

'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीची बाजू लावून धरली होती. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जात होता म्हणतात. फेरीवाले आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर विकत होते. ज्युरीतली माणसं याच मुंबईत राहत होती. तरीही मी त्या निकालाला छातीठोकपणे 'नलिफिकेशन' म्हणणार नाही. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावताना चुका केल्या हेही हायकोर्टाने नोंदवलंय. शिवाय ज्युरीला 'चुकून गोळी सुटली' हे खरंही वाटलं असेल. कारणं दिली जात नाहीत, त्यामुळे कुठलाच निकाल शंभर टक्के तसा होता असं बाहेरच्या माणसाला म्हणता येत नाही.

आणि नानावटीचा खटला भारतातला शेवटचा ज्युरी खटला, हे फॉरवर्ड येतं ते चूक. काही राज्यांत नंतरही ज्युरी बसत होत्या. पूर्ण बंद झालं ते १९७३ च्या नव्या संहितेने.

बेरीपुलाव
अवांतर: पूर्ण बंद नाही हो! आमच्या पारशी घटस्फोटाच्या केसेस १९३६ च्या कायद्याखाली चालतात, त्यात न्यायाधीशांबरोबर समाजातले डेलिगेट्स बसतात. पूर्वी सात असायचे, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. माझ्या मावशीच्या केसमध्ये त्यातल्या एका काकांना आमच्या घरातलं सगळं आधीच माहीत होतं. मावशी अजून म्हणते, "कोर्टात नाही, लग्नात बसल्यासारखं वाटलं."

टपरीवाला
बेरीपुलाव, तुमच्या मावशीचा वेगळा धागा काढा. मी पहिला वाचक.

निळी छत्री
लंडनहून. ओल्ड बेलीतल्या पाटीचा इथे ताजा अध्याय झाला. २०२३ च्या मार्चमध्ये एका निवृत्त बाईंनी लंडनमधल्याच एका क्राऊन कोर्टाबाहेर फलक धरला. आत हवामानबदलाच्या आंदोलकांचा खटला चालू होता. फलकावर एवढंच, की ज्युरर्सना आपल्या सदसद्विवेकानुसार आरोपीला निर्दोष ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. सरकारने बाईंवर कोर्टाच्या अवमानाची कारवाई मागितली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाने परवानगीच नाकारली. म्हणजे पाटी कोर्टाच्या आत भिंतीवर असली तर इतिहास, बाहेर फुटपाथवर धरली तर वर्षभर डोक्याला ताप.

इथलं मोठं उदाहरण १९८५ चं. संरक्षण खात्यातला अधिकारी क्लाइव्ह पॉन्टिंग. फॉकलंड युद्धात 'बेल्ग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली त्याबद्दलचे कागद त्याने खासदाराला दिले. दिले हे त्याला मान्यच होतं. बचाव एवढाच की देशहितासाठी दिले. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की देशहित म्हणजे त्या वेळचं सरकार म्हणेल ते. ज्युरीने निर्दोष सोडलं. पुढे १९८९ साली सरकारने कायदाच बदलून तो बचाव काढून टाकला. त्यामुळे ज्युरीने कायदा रद्द केला वगैरे म्हणायला नको. पॉन्टिंग घरी गेला आणि कायदा आणखी कडक झाला!

डॉलरपंत
निळी छत्री, आमच्याकडचं एक. न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये १९७१ साली व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांनी सैन्यभरतीच्या कचेरीत घुसून कागद फाडले. एफबीआयचा माणूस आधीपासून त्यांच्यात होता, हत्यारं-अवजारंही त्यानेच पुरवली. रंगेहाथ पकडले. १९७३ साली कोर्टात त्यांनी केलं नाही असं म्हटलंच नाही, उलट का केलं ते दिवसेंदिवस सांगितलं. न्यायाधीशांनीही बरंच बोलू दिलं. सगळे निर्दोष. ज्युरीने युद्धाविरुद्ध मत दिलं की एफबीआयच्या उचापतीविरुद्ध, कोण सांगणार? आता तिथून गाडीने जाताना बायको विचारते, "इथे काय आहे एवढं बघण्यासारखं?"

मुद्देसूद
सगळे प्रतिसाद वाचले. माझं मत फार हललेलं नाही. पण एक विचारायचं राहिलं. ज्युरी कायदा बाजूला ठेवून सोडू शकते, तर कायदा बाजूला ठेवून अडकवूही शकते का? पुरावा नाही, पण माणूस आवडला नाही, म्हणून दोषी?

कोर्टकचेरी
करू शकते, पण ते टिकवणं अवघड. 'दोषी' निकाल आला आणि पुरावा मुळातच अपुरा असेल तर अमेरिकेत न्यायाधीश स्वतः तो रद्द करू शकतात, वर अपील आहेच. 'निर्दोष' निकालाला हात लावता येत नाही. वाट एकाच दिशेने उघडी आहे आणि मुद्दाम तशी ठेवलीय.

तुमचा दुसरा प्रश्न होता की कुणी बुजवली का नाही. आपल्या कलम ३०७ सारखी वाट कॅनडात होती, तिथे काय झालं ते बघा. डॉ. हेन्री मॉर्गेंटेलर उघडपणे गर्भपात करायचे, तेव्हा तो गुन्हा होता. १९७३ साली क्वेबेकमध्ये ज्युरीने त्यांना सोडलं. अपील कोर्टाने ते फिरवून थेट दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९७५ साली ते कायम केलं, डॉक्टर तुरुंगात. ज्युरीने सोडलेला माणूस न्यायाधीशांनी आत टाकला यावर एवढी ओरड झाली की पार्लमेंटने कायदाच बदलला. आता तिथे अपील कोर्ट फार तर नव्याने खटला चालवायला सांगू शकतं, स्वतः दोषी ठरवू शकत नाही. त्याच डॉक्टरांच्या पुढच्या खटल्यात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचं कलमच रद्द केलं, आणि त्याच निकालात त्यांच्या वकिलाला झापलंही: ज्युरीला "कायदा पटत नसेल तर पाळू नका" असं सांगणं चूक होतं.

म्हणजे तुमच्या बाजूचे विधिमंडळवाले होते ना, त्यांनीच ज्युरीचा निकाल जपायचा कायदा केला.

मुद्देसूद
तो कायदा निवडून आलेल्या लोकांनी केला, बारा जणांनी नाही. तेवढंच माझं म्हणणं आहे :)

सांजवात
आणि माझं म्हणणं टिलचं. कॅनडासारखा नियम असता तर निदान दुसरा खटला तरी झाला असता.

कोर्टकचेरी
सांजवात, यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दुसऱ्या खटल्यातही बहुधा त्याच यादीतले बारा आले असते, एवढंच म्हणेन.

टपरीवाला
चहा संपला, धागा संपेना. एक शेवटचं. पंत, ज्युरीत बसायचे पैसे मिळतात का?

डॉलरपंत
मिळतात. आमच्याकडे पहिले तीन दिवस रोज पाच डॉलर, चौथ्या दिवसापासून चाळीस. पाच डॉलरमध्ये तुमच्या टपरीवर किती कटिंग येतील ते तुम्हीच सांगा.